पवनचक्कीचा ताप: मशीन लर्निंगचं पहिलं काम हाती घेणाऱ्या इंजिनिअरसाठी

या लेखात एकच काम करायचं आहे. पवनचक्कीच्या गिअरबॉक्समधलं तेल आजच्या वाऱ्याला आणि आजच्या हवेला जितकं तापायला हवं त्यापेक्षा जास्त तापतंय का, हे रोज सकाळी आपोआप सांगणारी व्यवस्था उभी करायची. ऊर्जा क्षेत्रात मशीन लर्निंगची कामं पुष्कळ आहेत: सौर प्रकल्पातून उद्या किती वीज येईल याचा अंदाज, वितरण कंपनीच्या लोडचा अंदाज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलातल्या वायूंवरून बिघाड ओळखणं. पण नवख्या माणसाने एक मशीन, एक तापमान आणि एक प्रश्न घेऊन सुरुवात करावी असं माझं मत आहे. डिप्लोमा किंवा बीई झालेलं असेल आणि पायथनची तोंडओळख असेल, तर महिनाभर रोज संध्याकाळी बसून हे जमतं.

मशीनमध्ये अलार्म आधीपासून असतोच, मग हा खटाटोप कशाला? कारण कंट्रोलरचा अलार्म एका ठरावीक आकड्याला वाजतो. समजा तो ८० अंशांना लावलाय. जानेवारीतली पहाट आहे, मशीन निम्म्या लोडवर आहे, तेल ५८ अंशांवर असायला हवं आणि ते ६६ वर आहे. कंट्रोलरच्या लेखी सगळं ठीक. पण मधले आठ अंश आले कुठून? कूलरच्या जाळीत कचरा बसला असेल, फिल्टर चोक होत असेल, पंप थकला असेल, नाहीतर एखादं बेअरिंग घासत असेल. पहिली दोन कामं काही तासांत उरकतात. शेवटच्या कामाला क्रेन लागते, आणि ऐन पावसाळ्यात डोंगरावर क्रेन चढवणं म्हणजे काय ते साइटवरच्या माणसाला विचारा.

पहिलं पाऊल: गिअरबॉक्स समजून घ्या

लॅपटॉप उघडण्याआधी हे करा. मोठ्या पवनचक्कीची पाती मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेतात. जनरेटरला मात्र, तो गिअरबॉक्सवाल्या नेहमीच्या जातीचा असेल तर, हजार ते अठराशे फेरे लागतात. एवढी वाढ गिअरबॉक्स करतो आणि त्यात थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. ती उष्णता तेल उचलतं. पंप तेल फिरवतो, फिल्टर गाळतो, कूलर थंड करतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. मशीन थंड असताना तेल कूलरला वळसा घालून जातं. ठरावीक तापमान आलं की व्हॉल्व्ह उघडतो, मग पंखा चालू होतो. त्यामुळे पॉवर वाढली तसं तापमान सरळ रेषेत चढत नाही. आधी चढतं, मग बराच काळ जवळजवळ सपाट राहतं, आणि फुल लोडवर पुन्हा थोडं वर जातं. ज्याला हे माहीत नाही तो पुढे मॉडेलच्या (म्हणजे जुन्या नोंदींवरून तापमानाचा अंदाज लावायला शिकणाऱ्या प्रोग्रामच्या) आकृतीतला वाक बघून डेटा खराब आहे असं म्हणतो. मी म्हटलेलं आहे.

दुसरी गोष्ट जडत्वाची. काहीशे लिटर तेल आणि टनावारी लोखंड दहा मिनिटांत गरम होत नाही. आत्ताचं तापमान गेल्या तास-दोन तासांत मशीन कसं चाललं यावर अवलंबून असतं. हे डोक्यात ठेवा, चौथ्या पावलात लागेल.

दुसरं पाऊल: डेटा मिळवा

नोकरीत नसाल तर कंपनीचा डेटा कुणी देणार नाही, आणि मागूही नका. सरावासाठी इंग्लंडमधल्या केल्मार्श पवनऊर्जा प्रकल्पाचा डेटा झेनोडो या संकेतस्थळावर मोफत ठेवलेला आहे. सहा सेन्व्हिऑन एमएम९२ मशीन, प्रत्येकी २,०५० किलोवॅटची, २०१६ पासूनची दर दहा मिनिटांची नोंद, आणि वेगळ्या फायलींत मशीनच्या घटनांची यादी. गिअर ऑइलचं तापमान, बेअरिंगची तापमानं, वाऱ्याचा वेग, पॉवर, पात्यांचा कोन, बाहेरची हवा, सगळं त्यात आहे. रकाने शेकडो आहेत, घाबरू नका. आपल्याला आठ-दहा पुरतात.

दहा मिनिटांची एक ओळ म्हणजे दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० ओळी. सहा मशीनच्या वर्षभराच्या सव्वातीन लाखांच्या आत. साधा लॅपटॉप हे आरामात पेलतो. महागड्या ग्राफिक्स कार्डाचा विषय काढणारा मित्र असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

साइटवर काम करत असाल तर तीन गोष्टी मागा: स्काडातली (मशीनवर दुरून नजर ठेवणाऱ्या आणि नोंदी साठवणाऱ्या संगणक यंत्रणेतली) दहा मिनिटांची सरासरी, अलार्म आणि घटनांचा लॉग, आणि सर्व्हिसिंगचं रजिस्टर. तिसरी गोष्ट मागायला लोक विसरतात. ते रजिस्टर बहुतेकदा कागदाचं असतं, तेलाच्या बोटांचे ठसे असलेलं. फोटो काढून आणा.

मग घड्याळ तपासा. काही यंत्रणा वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, काही भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा हा घोळ ओळखायची सोपी युक्ती अशी: बाहेरच्या हवेचं तासावार सरासरी तापमान काढा. भारतातल्या साइटवर ते दुपारी दोन-तीनच्या सुमारास शिगेला जायला हवं. सकाळी साडेआठ-नऊला जात असेल तर घड्याळ जागतिक वेळेत आहे. शिवाय ओळीवरची वेळ दहा मिनिटांच्या सुरुवातीची की शेवटची, हेही विचारून घ्या. आपल्याकडे विजेचं वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये चालतं आणि स्काडा दहा मिनिटांत. दोन्ही जोडायची वेळ आली की ही चौकशी कामी येते.

तिसरं पाऊल: चित्र काढा आणि बघत बसा

या पावलाला निम्मा महिना गेला तरी चालेल.

आडव्या अक्षावर वाऱ्याचा वेग आणि उभ्या अक्षावर पॉवर घेऊन सगळे बिंदू मांडा. सेकंदाला तीन-चार मीटर वाऱ्याला मशीन वीज द्यायला लागतं, तिथून वक्र झपाट्याने चढतो, बारा-तेराच्या आसपास पूर्ण क्षमतेला पोहोचून सपाट होतो, आणि पंचवीसच्या आसपास मशीन स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. चढ इतका तीव्र असतो कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग १० टक्के वाढला की शक्ती ३३ टक्के वाढते. उलट बाजूने बघा. वाऱ्याचं मीटर १० टक्के चुकलं तर तुमचा सगळा हिशेब एक तृतीयांशाने फसला. हे मीटर नॅसेलच्या, म्हणजे टॉवरवरच्या गिअरबॉक्स-जनरेटरच्या खोक्याच्या, डोक्यावर, पात्यांच्या मागे, घुसळलेल्या हवेत बसलेलं असतं, हेही विसरू नका.

आता वक्राबाहेरचे बिंदू बघा, त्यांचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. भरपूर वारा असून शून्यावर पसरलेली रांग म्हणजे मशीन बंद होतं. मधेच एखाद्या उंचीवर, उदाहरणार्थ १,००० किलोवॅटला, फळीसारखी आडवी रेघ दिसली तर ग्रिडच्या सांगण्यावरून किंवा दुसऱ्या कारणाने उत्पादन दाबून ठेवलं होतं. याची खात्री पात्यांच्या कोनावरून होते: वारा बेताचा असताना पाती वाऱ्याला जवळजवळ पूर्ण सामोरी असायला हवीत, आणि ती चार-पाच अंशांपेक्षा जास्त वळलेली असतील तर मशीन मुद्दाम कमी चालवलेलं आहे. अख्खा ढगच बाजूला सरकलेला असेल तर मीटर बदललं गेलं किंवा बिघडलं. आणि एकच आकडा सलग कित्येक तास दशांशापर्यंत जसाच्या तसा येत असेल, तर सेन्सर अडकलाय किंवा केबल तुटली आहे.

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी, वनकुसवडे या पठारांसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना आणखी एक सूचना. कंपनीच्या माहितीपत्रकातला वक्र समुद्रसपाटीच्या हवेचा असतो. हजार मीटरवर हवा नऊ-दहा टक्के विरळ असते, उन्हाळ्यात आणखी. तुमचं मशीन कागदावरच्या वक्राच्या खाली चालतंय म्हणून लगेच बोंब मारू नका.

माझा एक अनुभव इथे सांगतो. डोंगरावरच्या एका साइटवर जुलैत गेलो होतो. धुकं इतकं की ऑफिसच्या खिडकीतून टॉवरचा पाया दिसत होता आणि वर नुसता आवाज. मी मोठ्या उत्साहाने स्क्रीनवर दाखवलं की अमुक मशीनचं तेल गेल्या वर्षभरात सहा वेळा विचित्र वागलं. तिथल्या सीनिअर टेक्निशियनने, सगळे त्यांना मामा म्हणायचे, ड्रॉवरमधून रजिस्टर काढलं आणि तारखांवर बोट ठेवत गेले. "ही सर्व्हिसिंग. ही पण सर्व्हिसिंग. इथं तेल बदललं. इथं आम्ही कूलरचा पंखा काढून खाली आणला होता, तो बसवायला दोन दिवस गेले." सहापैकी पाच तारखा तिथेच मिटल्या. सहावीवर ते थोडं थांबले आणि म्हणाले, "ही मात्र बघायला पाहिजे." मॉडेल बनवताना मला जे दोन महिन्यांत कळलं नव्हतं ते त्या दहा मिनिटांत कळलं. तेव्हापासून सर्व्हिसिंगच्या आधीचा आणि नंतरचा एकेक दिवस मी शिकवणीच्या डेटातून काढून टाकतो.

बंद, दाबलेल्या, अडकलेल्या आणि सर्व्हिसिंगच्या ओळींना खूण करा, पण पुसू नका. मूळ फाइल तशीच ठेवा आणि खुणेचा वेगळा रकाना करा. सहा महिन्यांनी कुणीतरी "ही ओळ का काढली?" असं विचारणार आहे.

चौथं पाऊल: मॉडेल

इथे लोक सर्वात जास्त वेळ घालवतात. मी थोडक्यात सांगतो.

उत्तर म्हणून गिअर ऑइलचं तापमान. इनपुट म्हणून आत्ताची पॉवर, पात्यांचे फेरे, बाहेरचं तापमान, नॅसेलच्या आतलं तापमान, आणि जडत्वासाठी पॉवरची गेल्या एक तासाची व तीन तासांची सरासरी. आधी साधं लिनिअर रिग्रेशन (सरळ रेषेचं समीकरण) लावा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील. मग सायकिट-लर्न (scikit-learn) या पायथनच्या मोफत लायब्ररीतलं ग्रेडियंट बूस्टिंग लावा; ते हो-नाही प्रश्नांची छोटी छोटी झाडं (डिसिजन ट्री) एकामागून एक जोडत चूक कमी करतं. व्हॉल्व्ह उघडल्यावरचा तो वाक दुसऱ्याला पकडता येतो, पहिल्याला येत नाही. चूक दोन-तीन अंशांच्या आत आली की थांबा. न्यूरल नेटवर्क नंतर कधीतरी, हौस म्हणून.

शिकवायला चांगल्या तब्येतीतलं, किमान एक अख्खं वर्ष घ्या, आणि तपासायला त्याच्या नंतरचे महिने. ओळी पिसून ८०-२० अशी वाटणी करू नका. दहा वाजताची ओळ शिकवणीत आणि दहा-दहाची परीक्षेत गेली, तर ती परीक्षा कसली? दोन्ही ओळी जवळजवळ सारख्याच असतात. आकडे सुंदर येतात आणि साइटवर मॉडेल तोंडावर आपटतं.

दुसरा सापळा जास्त चलाख आहे. तेलाचं मागचं तापमान इनपुट म्हणून दिलं की चूक एकदम खाली येते. बेअरिंगचं तापमान दिलं की आणखी खाली. मी माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये हे दोन्ही केलं होतं, वर ओळी पिसल्याही होत्या. चूक एका अंशाच्या आत आली म्हणून मीटिंगमध्ये मिरवलं. मग एका मशीनमध्ये खरंच बिघाड झाला आणि मॉडेल शांत. बेअरिंग आणि तेल बरोबरच तापत गेले, मॉडेलने बेअरिंग बघितलं आणि तेल एवढं गरम असणारच असं ठरवलं. आजारी अवयवाचा आकडा आपणच त्याला दिला होता. म्हणून इनपुटमध्ये फक्त कामाचा भार आणि हवामान असू द्या, बिघडू शकणाऱ्या भागाची लक्षणं नकोत.

महाराष्ट्रासाठी एक खास अडचण आहे. आपल्याकडे वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा हवा गार. एप्रिल-मे तापतात, पण तेव्हा मशीन सलग फुल लोडवर क्वचितच असतं. म्हणजे कडक ऊन आणि पूर्ण लोड ही जोडी डेटात फारशी नसतेच. ग्रेडियंट बूस्टिंगसारखं झाडांचं मॉडेल जे पाहिलं नाही त्याचा अंदाज लावत नाही, जवळच्या ओळखीच्या आकड्यावर अडून बसतं. त्यामुळे मे महिन्यात एखाद्या वादळी दुपारी सगळी मशीन एकदम आजारी दिसू लागतात. शिकवणीतल्या मर्यादेबाहेरची अशी ओळ आली की "अंदाज देता येत नाही" एवढंच लिहायची सोय प्रोग्राममध्ये करून ठेवा.

पाचवं पाऊल: फरक आणि मर्यादा

प्रत्यक्ष तापमानातून मॉडेलचं तापमान वजा करा. या फरकाचा दिवसाचा मध्यक काढा. सरासरीपेक्षा मध्यक बरा, एखाद्या वेड्या रिडिंगने तो हलत नाही. मग प्रत्येक मशीनचा फरक बाकीच्या मशीनच्या फरकाशी ताडून बघा. सगळ्यांचा एकदम वाढला असेल तर हवामान किंवा मॉडेल, एकाचाच वाढला असेल तर मशीन. ही युक्ती इतकी साधी आहे की लोकांना ती मशीन लर्निंग वाटत नाही, पण खोटे अलार्म कमी करायला मला हिच्याइतकं काही उपयोगी पडलेलं नाही.

मर्यादा किती ठेवायची? पुस्तकं तीन सिग्मा सांगतात, म्हणजे फरकाच्या नेहमीच्या चढउताराच्या (प्रमाण विचलनाच्या) तिप्पट. मी उलटीकडून विचार करतो: साइटवर महिन्याला किती निरोप नीट तपासले जातील? सहा मशीन, दिवसाला एक तपासणी, म्हणजे महिन्याला १८० तपासण्या. त्यातल्या एक टक्का खोट्या निघाल्या तर दोनेक निरोप. चालेल. शंभर मशीनच्या साइटवर तोच एक टक्का तीस निरोप देतो, आणि दुसऱ्या आठवड्यात तुमचा मेसेज न उघडता पुढे सरकवला जातो. मर्यादा अशी ठेवा की सलग तीन दिवस ओलांडली तरच निरोप जाईल. हळूहळू वाढणाऱ्या बिघाडात तीन दिवस परवडतात.

सहावं पाऊल: आपोआप चालवा

आतापर्यंतचं सगळं तुमच्या लॅपटॉपवर आहे आणि तुम्ही रजेवर गेलात की बंद पडतं. ते ऑफिसच्या एका मशीनवर टाका आणि रोज पहाटे पाचला चालेल असं वेळापत्रक लावा. क्रम असा: कालची फाइल आली का बघ, १४४ ओळी आहेत का मोज, खुणा कर, अंदाज काढ, फरक काढ, निरोप पाठव, आणि केलेलं सगळं लॉगमध्ये लिही.

फाइल आलीच नाही तर? माझ्या एका व्यवस्थेत नेटवर्कचा पासवर्ड बदलला गेला आणि अकरा दिवस डेटा आला नाही. निरोपही आला नाही, आणि सगळे समजत होते की मशीन ठणठणीत आहेत. आता रोज सकाळी निरोप जातोच: "सहापैकी सहा मशीनचा डेटा आला, काही विशेष नाही." हा निरोप आला नाही तर साइटवरून फोन येतो. एवढं झालं की समजा व्यवस्था रुजली.

डेटा वाचायची वाट एकेरीच असू द्या. स्काडाच्या सर्व्हरवर तुमचा प्रोग्राम चढवू नका, त्याच्या साठ्याची प्रत वेगळीकडे घ्या आणि तिथून वाचा. कंट्रोलरशी बोलायला अजूनही सर्रास वापरला जाणारा मॉडबस हा प्रोटोकॉल मुळात ओळख विचारतच नाही: जो जोडला गेला तो वाचू शकतो, तसा लिहूही शकतो. तुमच्या मॉडेलने मशीन स्वतः बंद करावं असा आग्रह वरून झाला तरी पहिली दोन वर्षं नाही म्हणा. संरक्षणाची यंत्रणा कंट्रोलरमध्ये आहे, तिला तिचं काम करू द्या.

मॉडेल दर महिन्याला आपोआप नव्याने शिकवायचा मोहही आवरा. बेअरिंग महिन्याला अर्धा अंश जास्त तापत असेल तर मॉडेल दर महिन्याला तो अर्धा अंश नॉर्मल म्हणून गिळत जाईल. नव्याने शिकवा, पण कारण असेल तेव्हा: कूलर बदलला, सेन्सर बदलला, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदललं. तारीख आणि कारण लिहून ठेवा.

सातवं पाऊल: निरोप कसा लिहायचा

"मशीन ४, रेसिड्युअल ६.२, थ्रेशोल्ड ओलांडला" असा मेसेज पाठवून बघा. कुणी वर चढणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. ऐंशी-शंभर मीटर शिडी चढायची तर मशीन बंद करायचं, कुलूप आणि टॅग लावायचं, दोघांनी जायचं आणि वारा मर्यादेत असायला हवा. त्या कष्टाला साजेसं कारण द्या. मी असं लिहितो: "मामा, ४ नंबरचं गिअर ऑइल तीन दिवस नेहमीपेक्षा सहा अंश गरम आहे. बाकी पाच ठीक आहेत. लोड कमी असतानाही फरक तेवढाच आहे. पुढच्या वेळी वर जाल तेव्हा कूलरची जाळी आणि फिल्टरचा प्रेशर बघाल का?" सोबत एकच आलेख, गेल्या तीस दिवसांचा, सहा रेषांचा, चौथी लाल.

आणि उत्तरासाठी जागा ठेवा. एका शीटमध्ये चार रकाने: तारीख, मशीन, आम्ही काय म्हटलं, वर काय सापडलं. चौथा रकाना टेक्निशियनच्याच शब्दांत भरा, सुधारून नको. माझ्या शीटमधली पहिली ओळ अशी आहे: "जाळीत पाखरं आणि गवत, साफ केलं, फिल्टर पण बदलला." दुसरी: "काही नाही, सेन्सरची वायर ढिली." तिसऱ्या ओळीत नुसतं "बघितलं नाही, पाऊस" एवढंच आहे.